बायबलमधली बेडकांची पीडा म्हणजे मनातले विचार, असा अर्थ घेतला तर चालेल का?

चालेल की. फक्त दहाही पीडांना एकच माप लावू नका. मूळ गोष्ट गुलामांच्या सुटकेची आहे: इजिप्तचा राजा फारो इस्राएली गुलामांना सोडत नाही, म्हणून देव त्याच्या देशावर एकेक करून दहा पीडा पाठवतो. त्यातल्या शेवटच्या, ज्येष्ठ पुत्रांच्या मृत्यूचं रूपक करायला माझं तरी मन धजत नाही. बेडूक मात्र चपखल बसतात.

बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात ते नदीतून निघून फारोच्या निजायच्या खोलीत, बिछान्यावर, भट्टीत, कणीक मळायच्या भांड्यात शिरतात. टोळांसारखं पीक फस्त करत नाहीत. नुसते जिथं तिथं असतात. मूळ हिब्रूत ते वर आले तिथं 'बेडूक' हा शब्द एकवचनी आहे. ११व्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी त्यावर जुनी कथा सांगतो: वर आला तो एकच, लोकांनी त्याला बडवलं, तशा त्याच्यातून झुंडीच्या झुंडी बाहेर पडल्या.

मी कोल्हापूरचा, घर पंचगंगेजवळ. ऑगस्ट २०१९च्या पुरात घरात छातीभर पाणी होतं. तेव्हापासून पाऊस लागला की रात्री दोनला जाग येते. विचार एकच: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली? मोबाइल बघायचा. ३८ फूट. इशारा ३९ला, धोका ४३ला, म्हणजे अजून वेळ आहे. झोपायला हरकत नाही. पण लगेच, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असतील का? सिलिंडर माळ्यावर चढवावा का? शेजारच्या काकूंना कोण उचलणार? परत मोबाइल. बडवला की वाढला.

फारोच्या जादूगारांची गंमत बघा. सगळी विद्या पणाला लावून त्यांनी बेडूक घालवले नाहीत, आणखी आणले! ते वाचून मी एकटाच हसलो.

पुढं गुलामांचा नेता मोशे फारोला विचारतो, बेडूक कधी जावेत म्हणून प्रार्थना करू? अंथरुणात बेडूक असलेला माणूस म्हणतो, "उद्या." मग ते मरतात, लोक ढीग लावतात आणि देशभर दुर्गंधी सुटते. पूर ओसरल्यावरचा गाळ ज्यानं उपसलाय, त्याला हा वास वेगळा सांगायला नको. जागरणानंतरचा माझा दिवसही तसाच जातो. विचार गेलेले असतात, डोकं मात्र जड.

रात्री मोबाइल स्वयंपाकघरात ठेवत जा, असं बायको जूनपासून सांगतेय. मी अजून 'उद्या'वरच आहे.