टार्नीट की ग्लेन वेव्हर्ली?

प्रश्न : ताई, येत्या डिसेंबरात आम्ही मेलबर्नला राहायला जातोय. नवऱ्याचं ऑफिस भर शहरात, व्हिसा कंपनीचा, तात्पुरता. मुलगा त्यानंतरच्या मेमध्ये पाच पूर्ण करेल, धाकटी दीड वर्षाची आहे. मी सुरुवातीला घरीच असेन आणि मला गाडी चालवता येत नाही. ओळखीतले निम्मे म्हणतात टार्नीट या उपनगरात जा, मोठं घर मिळेल, शेजारही आपला. बाकीचे म्हणतात भाडं जास्त पडलं तरी शाळेसाठी ग्लेन वेव्हर्ली हे उपनगरच. काय करू?

उत्तर : आधी शाळेचं ओझं डोक्यावरून उतरवा. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, शाळेचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं आणि त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत मूल पाच वर्षांचं व्हावं लागतं. तुमचा मुलगा मेमधला, म्हणजे पहिलं वर्षभर तो किंडरलाच, शाळेआधीच्या बालवर्गालाच जाणार. ग्लेन वेव्हर्लीचा एवढा बोलबाला आहे तो तिथल्या सरकारी सेकंडरी शाळेमुळे, आणि ती सुरू होते सातवीपासून. आठ-नऊ वर्षांनी येणाऱ्या वर्गासाठी आत्तापासून जादा भाडं कशाला भरायचं? झोनच्या, म्हणजे शाळेच्या प्रवेशक्षेत्राच्या, हद्दी तोवर बदलूही शकतात. शिवाय झोन उपनगरावर नाही, घराच्या पत्त्यावर ठरतो. 'फाइंड माय स्कूल' या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की शाळा कळते. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

टार्नीटबद्दल लोक सांगतात ते खोटं नाही. घरं नवी, ऐसपैस, आणि आपली माणसं भरपूर. पण तिथून शहरात जाते ती जिलाँग शहराहून येणारी व्ही-लाइनची, म्हणजे राज्यातल्या बाहेरगावच्या रेल्वेची गाडी, मेट्रो लोकल नव्हे. स्टेशन २०१५ मध्ये झालं, वस्ती मात्र चहूकडे पसरली आहे. बऱ्याच घरांपासून स्टेशन, दुकान, बाग काहीच चालत जाण्यासारखं नाही. नवरा गाडी घेऊन स्टेशनला गेला की तुम्ही दोन मुलांसह चार बेडरूमच्या घरात अडकलात. आणि खरा प्रश्न हाच आहे. किंडर आठवड्याला साधारण पंधरा तासांचं असतं. धाकटीला पाळणाघरात ठेवावं म्हटलं तर दिवसाला शंभर डॉलरच्या वर जातात, आणि तात्पुरत्या वर्क व्हिसावर चाइल्ड केअर सबसिडी, म्हणजे पाळणाघराच्या फीसाठीची सरकारी मदत, मिळत नाही. म्हणजे उपनगर निवडायचं ते तुमच्या दिवसासाठी, नवऱ्याच्या ऑफिससाठी किंवा पाहुण्यांच्या कौतुकासाठी नाही.

मी तुमच्या जागी असते तर पहिलं वर्ष क्लेटन किंवा ओकली या उपनगरात, स्टेशनपासून दहा मिनिटांत, दोन बेडरूमचं जुनं युनिट (छोटं घर) घेतलं असतं. घर लहान पडेल, कार्पेट कळकट असेल; चालवून घ्या. क्लेटनला भारतीय किराणा आहे, लायब्ररी आहे, मोनॅश चिल्ड्रन्स हॉस्पिटल तिथेच आहे. लायब्ररीतला स्टोरीटाइम फुकट असतो, आणि नव्याने आलेल्या आईला बोलायला माणसं मिळतात ती तिथेच. कौन्सिलच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्सकडे, म्हणजे आई-बाळाची तब्येत पाहणाऱ्या नर्सकडे, धाकटीचं नाव घाला, तेही मोफत आहे.

घर बघताना एक प्रश्न हमखास विचारा : बैठकीच्या खोलीच्या खिडक्या कुठल्या दिशेला? पूर्वेचा हट्ट सोडा. दक्षिण गोलार्धात हिवाळ्यातलं ऊन उत्तरेकडून येतं. दक्षिणेकडे तोंड केलेलं जुनं युनिट जुलैत असं गारठतं की हीटर लावून बिल भरता भरता जीव जातो. फोटोवरून हे कळत नाही, म्हणून भारतातूनच घर पक्कं करू नका. पहिले काही आठवडे तात्पुरती सोय करून इन्स्पेक्शनला, म्हणजे घर पाहायला, स्वतः जा, आणि जमलं तर स्ट्रोलर ढकलत स्टेशनपर्यंत चालून बघा. भाडं आठवड्याचं सांगतात. महिन्याचा आकडा हवा तर चारने गुणू नका; बावन्नने गुणून बाराने भागा, नाहीतर बजेट कोसळेल.

किंडरची नावनोंदणी बऱ्याच ठिकाणी कौन्सिलमार्फत होते, तेव्हा पत्ता ठरला की लगेच चौकशी करा. व्हिक्टोरियात २०१६ पासून लसीकरणाची नोंद असल्याशिवाय किंडर किंवा चाइल्डकेअरला प्रवेश पक्का होत नाही, आणि भारतातलं लसीचं कार्ड तिथे तसंच चालत नाही. जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा कौन्सिलच्या लसीकरण विभागाकडून त्या लसी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत चढवून घ्याव्या लागतात. दोन्ही मुलांची मूळ कार्डं, तारखा स्पष्ट वाचता येतील अशी, हातातल्या बॅगेत ठेवा.