36 लाख एका घडी पडलेल्या पत्रावर अडकलेत

गडचिरोलीच्या एका ग्रामसभेतल्या भाऊंचा प्रश्न आहे, असे दर महिन्याला येतात. खदानवाल्या कंपनीने 2022 मध्ये करार केला, दरवर्षी 31 मार्चपर्यंत गावनिधीत 12 लाख, पहिला हप्ता 2023 चा, आजवर रुपया नाही. आता कंपनी म्हणते 90 दिवसांत क्लेम केला नाही, कराराच्या कलम 11 प्रमाणे तुमचा हक्क संपला.

भाऊ, त्या 90 दिवसांना घाबरू नका, ठराविक दिवसांत हक्कच संपतो असं कलम करार कायद्याच्या कलम 28 ने रद्दबातल आहे. पण दावा करायला मुदत कायद्याची 3 वर्षं खरी आहेत, आणि प्रत्येक हप्त्याची वेगळी मोजायची. 2023 च्या हप्त्याची 31 मार्च 2026 ला संपली. तुम्ही पाच निवेदनं दिली, कलेक्टर ऑफिसला चकरा मारल्या, निवेदनाने मुदत एक दिवसही वाढत नाही हो! आधी कुणाला तरी विचारायचं होतं.

वाचलात ते ऑगस्ट 2025 च्या त्या पत्रामुळे, ज्याचा फोटो तुम्ही सगळ्यात शेवटी सहज म्हणून पाठवलात. "तीनही वर्षांची थकीत रक्कम दिवाळीनंतर अदा करू", खाली मॅनेजरची सही, शिक्का. मुदत संपायच्या आत सहीनिशी लेखी कबुली मिळाली की मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे त्या सहीच्या तारखेपासून 3 वर्षं नव्याने सुरू होतात. फोटोत घडी नेमकी तारखेवरून गेलीय, आणि ओरिजिनल म्हणे "बहुतेक जुन्या सचिवाकडे". बहुतेक? आजच जाऊन आणा, लॅमिनेशन करू नका, आवक रजिस्टरमधली नोंदही काढून ठेवा.

कोर्टात धावू नका, करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी पंचाकडे न्यायचं) कलम आहे, कंपनी तेच दाखवून तुम्हाला लवादाकडे पाठवायला लावेल आणि त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. सरळ लवादाची नोटीस द्या, पण मुदतीसाठी ती कंपनीच्या हातात पडते तो दिवस धरतात, पोस्टात टाकली तो नाही, म्हणून पोचपावती जपा.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानला (खाणबाधितांसाठीच्या जिल्हा निधीला) आम्ही भरतोच, हे कंपनीचं म्हणणं सोडून द्या. ती रॉयल्टीवरची कायद्याची वर्गणी आहे, 12 जानेवारी 2015 पासूनच्या लीजला 10 टक्के, आधीच्या लीजला 30, तुमच्या कराराशी तिचा संबंध नाही.

करारावर गावाकडून सही एकट्या सरपंचांची आहे, त्यावर कंपनी अडवेल का? अडवू शकते, टिकेल का ते पूर्ण करार बघितल्याशिवाय सांगत नाही. ग्रामसभेचा ठराव सापडला तर तोही पाठवा. पण आधी ते पत्र.