काय ओलांडलं, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

लांब उडीच्या विक्रमांवरचा तुझा इंग्रजी लेख वाचला. माहिती चोख आहे, तारखा बरोबर आहेत, आणि तरीही वाचताना सारखी ठेच लागते. पहिल्या परिच्छेदात बॉब बीमन जुना विक्रम 'एक्सीड' करतो, दुसऱ्यात 'सरपास', तिसऱ्यात 'ट्रान्सेंड' आणि चौथ्यात चक्क 'एक्सेल'. तोच शब्द पुन्हा नको म्हणून तू थिसॉरसमधून ओळीनं शब्द उचललेस, हे काही लपत नाही. पीटर मार्क रॉजेनं १८५२ साली तो कोश काढला तेव्हापासून लिहिणारे हेच करत आलेत. कोश शब्दांना शेजारी शेजारी बसवतो, त्यांचं आपसात किती जमतं ते सांगत नाही.

यातला कोणता शब्द भारदस्त वाटतो, हे बघूच नकोस. मागे काय पडलं ते बघ. कोणी आखून दिलेली मर्यादा मागे पडली, की दुसरा कोणी मागे पडला, की मोजायची रीतच तोकडी पडली?

उत्तर तुझ्याच लेखात आहे, वाऱ्याच्या आकड्यांत. उडीचा विक्रम मान्य व्हायचा तर पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. १८ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटीत बीमननं ८.९० मीटर उडी मारली तेव्हा वाऱ्याची नोंद झाली बरोबर २.०. मर्यादेला टेकलेला, पण आतच. म्हणजे वाऱ्यानं मर्यादा 'एक्सीड' केली नाही. हा शब्द इतका काटेकोर आहे. कोणीतरी एक आकडा ठरवून दिलेला असतो (वेगाचा, खर्चाचा, औषधाच्या मात्रेचा, फाइलच्या आकाराचा) आणि तुम्ही त्याच्या पुढे जाता. ते चांगलं की वाईट, याबद्दल शब्द गप्प. म्हणून तो औषधाच्या वेष्टनावर ताकीद म्हणून येतो, आणि ऑफिसच्या अप्रेझलमध्ये 'एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स' वाचून माणूस खूशही होतो. पुढे 'बाय' जोडून नेमकं कितीनं, तेही सांगता येतं. बीमननं ८.३५ हा जुना आकडा ५५ सेंटिमीटरनं एक्सीड केला, हे तुझं वाक्य मी हात न लावता ठेवलंय.

आता ३० ऑगस्ट १९९१, टोकियो. कार्ल लुईसची चौथी उडी ८.९१. बीमनच्या पुढे एक सेंटिमीटर! पण वारा होता २.९. मग लुईसनं विक्रम सरपास केला का? आकडा एक्सीड झाला, वाऱ्याची मर्यादाही एक्सीड झाली, आणि विक्रम होता तिथेच राहिला. त्यानंतर थोड्याच वेळात माइक पॉवेलनं जेमतेम ०.३ वाऱ्यात ८.९५ मारली आणि जवळजवळ २३ वर्षं टिकलेल्या विक्रमावर पाणी फिरवलं. इथे 'सरपास' शोभतो, कारण त्यात सरस ठरल्याची कबुली आहे. वारा कोणाला सरपास करत नाही. तापलेलं इंजिन धोक्याच्या तापमानाला सरपास करत नाही, ते फक्त त्याच्या पुढे जातं. वर्तमानपत्रं लोकसंख्येला नि विक्रीलाही हा शब्द लावतात, आणि ते खपून जातं, कारण तिथेही एकानं दुसऱ्याला मागे टाकलेलं असतं.

जाता जाता एक सांगते. विक्रमासाठी इंग्रजीचं रोजच्या वापरातलं क्रियापद आहे 'ब्रेक'. चार परिच्छेदांत ते चारदा आलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. शब्द पुन्हा आला की लेखन कच्चं, ही शाळेतल्या निबंधाची भीती आहे. ती सोड.

टोकियोच्या त्या संध्याकाळचं वर्णन करताना मात्र 'आउटडू' वापर. दोघं एकमेकांवर कडी करत होते, आणि 'कडी करणं' म्हणजेच आउटडू. त्याला आधी केलेली एक करामत लागते आणि थोडी ईर्षा लागते. 'आउटस्ट्रिप' तू बीमनला लावलायस, तो काढून टाक. त्या शब्दात दोघंही धावते हवेत. मागणी पुरवठ्याला आउटस्ट्रिप करते, कारण पुरवठाही वाढतच असतो, फक्त कमी वेगानं. नोंदवहीत निवांत पडलेल्या ८.३५ ला कसं आउटस्ट्रिप करणार?

'बीमन एक्सेल्ड द रेकॉर्ड' हे तर सरळ चूकच. आजच्या इंग्रजीत 'एक्सेल'ला असं कर्म चालत नाही. माणूस एखाद्या गोष्टीत एक्सेल करतो, पुढे 'अॅट' किंवा 'इन' येतं. फार तर स्वतःलाच एक्सेल करतो, म्हणजे नेहमीपेक्षा झकास कामगिरी करतो. लुईसला हा शब्द शोभेल. १९८४ ते १९९६ सलग चार ऑलिंपिकमध्ये लांब उडीचं सुवर्णपदक घेणारा माणूस आहे तो.

'ओव्हरस्टेप' तू वापरला नाहीस, याचं नवल वाटलं. उडीच्या फळीपुढे पाय पडला की ती उडी बाद, आणि त्याला हाच शब्द. अधिकाराबाबतही तसंच. कोणी अधिकार 'एक्सीड' केले, हे वकिलाचं कोरडं विधान. 'ओव्हरस्टेप' केले म्हटलं की कपाळावर आठी आलीच.

राहिला तुझा लाडका 'ट्रान्सेंड'. मूळ लॅटिन शब्दात चढून पलीकडे जाणं आहे, पण पलीकडे म्हणजे पुढे नव्हे. गणितज्ञांचं बघ. पाय (π) ही 'ट्रान्सेंडेंटल' संख्या आहे, हे लिंडेमाननं १८८२ साली सिद्ध केलं. पाय काही फार मोठी संख्या नाही, तीन आणि थोडं वर, एवढीच. पण पूर्णांक सहगुणकांचं कुठलंही बहुपदी समीकरण मांडलं तरी ती त्याचं उत्तर म्हणून हाती लागत नाही. बीजगणिताच्या साच्यातच ती बसत नाही. ट्रान्सेंड म्हणजे हे. लहान-मोठं हा प्रश्नच तिथे उरत नाही.

बीमनच्या उडीबाबत तुला मोह का झाला, ते मला कळतं. अंतर मोजायचं ते प्रकाशीय यंत्र रुळावरून सरकत सरकत टोकाला गेलं आणि उडी त्याच्याही पुढे पडलेली! शेवटी पोलादी टेप आणून मोजावी लागली. असल्या अचाट कामगिरीसाठी इंग्रजीत पुढे 'बीमनेस्क' असं विशेषणही निघालं. हा प्रसंग तू दोन ओळींत उरकलास, तो सावकाश सांग. पण टेपनं मोजता आली ना? मीटर-सेंटिमीटरमध्येच ना? मग उडीनं यंत्राचा पल्ला एक्सीड केला. ट्रान्सेंड काहीच झालं नाही.

जेसी ओवेन्सचं वेगळं आहे. त्याची १९३५ मधली ८.१३ ची उडी २५ वर्षं विक्रम म्हणून टिकली, तो आकड्यांचा हिशेब. पण पुढच्याच वर्षी, वंशश्रेष्ठत्वाचे ढोल बडवणाऱ्या हिटलरच्या बर्लिनमधल्या ऑलिंपिकमध्ये, ओवेन्स या कृष्णवर्णीयानं चार सुवर्णपदकं जिंकली. त्याचा अर्थ सेंटिमीटरमध्ये सांगता येत नाही. तिथे ट्रान्सेंड लिहिलंस तर मी खोडणार नाही. फक्त 'ट्रान्सेंडेड स्पोर्ट' हा शब्दप्रयोग क्रीडापत्रकारांनी वापरून वापरून पार गुळगुळीत केलाय. मी असते तर शब्द गाळला असता आणि काय घडलं ते लिहिलं असतं. तुझं तू ठरव.

दुसऱ्या आणि चौथ्या परिच्छेदात 'ब्रेक' घाल, तिसऱ्यातलं ते वाक्य पूर्ण नव्यानं लिही. आणि लुईसचा वारा दिलायस, पण पॉवेलचा राहिलाय. तोही टाक, नाहीतर ८.९१ का नाही आणि ८.९५ का हो, हे वाचकाला कळायचं नाही. मसुदा झाला की पाठव.

तुझी,
ताई