नुसती गुणसूत्रं मोजून पक्ष्यांची नाती कळतात का?

तुम्ही विचारलंय, जवळच्या पक्ष्यांची गुणसूत्रं मोजली की उत्क्रांती कळते का? नाही कळत. या मोजणीपायीच माझे मार्क गेलेत, म्हणून लिहायला बसलो.

बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कोंबडीच्या गर्भाची स्लाइड करायची होती. आधी दुकानातली अंडी आणली. पोल्ट्रीत कोंबडाच नाही, तर गर्भ कुठला? मग खानापूरकडच्या गावी जाऊन आजीच्या खुडूक कोंबडीखालची सहा काढली. "नेतोस ते ने, पण पिल्लं मोजून परत आण," म्हणाली.

पेशींचं विभाजन मध्येच थांबवायला कोल्चिसिन, पेशी फुगवायला पोटॅशियम क्लोराईड, रंगवायला गिम्सा, सगळं केलं. सूक्ष्मदर्शकाखाली आठ-दहा मोठ्या जोड्या ठळक, बाकी मोहरी सांडल्यासारखे ठिपके. तीनदा मोजलं: 74, 77, 80. वहीत तिन्ही लिहिले. सरांनी लाल रेघ ओढली. "पुस्तकात 78 आहे ना? मग 78 लिही." शेजारच्याने मोजलंच नव्हतं, त्याला पूर्ण मार्क! वर "ती मोहरी म्हणजे कचरा" हेही ऐकवलं. 2004 साली कोंबडीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, वाचला गेला, तर त्याच कचऱ्यात जनुकांची सगळ्यात जास्त दाटी निघाली.

आता तुमचं. कोंबडीची 78, टर्कीची 80. आकडा बघून वाटेल, एक जोडी तुटली, संपलं. पण कोंबडीच्या 4 नंबरच्या गुणसूत्राच्या डीएनएला चमकता रंग जोडून तो टर्कीच्या स्लाइडवर लावला, की तो सारख्या डीएनएला चिकटतो आणि दोन वेगळ्या जोड्या उजळतात, 4 आणि 9. कोंबडीच्या 2 नंबरचंही तेच, तिथे 3 आणि 6. मग इतर पक्षी बघायचे. त्यांच्यात 4 नंबरवाले तुकडे बहुधा सुटेच असतात, म्हणजे ते कोंबडीच्या घराण्यात जुळले. 2 नंबर मात्र बहुतेकांत अखंड, म्हणजे टर्कीकडे तुटला. कोण कुठे तुटलं नि कुठे जुळलं, ते बघायचं. बेरजेत काय आहे?

शाहीन ससाण्याची जेमतेम 50. गरुडांचीही बऱ्याचदा कमी, म्हणून दोघांना भाऊ ठरवाल, तर ससाणा निघतो पोपटांच्या जवळचा. अर्थात सारखी जुळणी दोन घराण्यांत आपापली होऊ शकते, तेव्हा रंगांवरही विसंबू नका, डीएनएचा क्रम जोडीला हवाच.

आणि हो, माझी स्लाइड खराबच होती. पोटॅशियम क्लोराईडमध्ये जास्त वेळ राहिली, पेशी फुटून ठिपके एकमेकांत मिसळले असणार. पण सरळ 78 लिहिलं असतं, तर हे तरी कळलं असतं का?