बेलारूसी ही खरंच वेगळी भाषा आहे, की रशियनचीच बोली? बेलारूसला एमबीबीएसला जाण्याआधी शिकावी का?

'खेडवळ रशियन' असं तुमच्या एजंटने सांगितलंय म्हणता. लिथुआनियाची ग्रँड डची म्हणजे आजचा बेलारूस ज्यात होता ते जुनं राज्य, त्याचा 1588 चा कायदा या भाषेच्या जुन्या रूपात छापलाय. खेडवळ म्हणे!

मी सहा वर्षं बेलारूसमधल्या ग्रोद्नो शहरात काढली. रशियनमध्ये ग्रोद्नो, बेलारूसीत ह्रोद्ना. शेवटची दोन वर्षं एका आजींकडे भाड्याने होतो. बटाट्याला त्या 'कार्तोश्का' नाही, 'बुल्बा' म्हणायच्या. नोव्हेंबर म्हणजे 'लिस्तापाद', पानगळ. मध्येच रशियन घुसायचं. असल्या सरमिसळीला तिकडे 'त्रास्यांका' म्हणतात. मूळ अर्थ गवतात पेंढा कालवून केलेली वैरण. एका रविवारी त्यांचा मुलगा मिन्स्कहून जेवायला आला. आजी शेजारणीच्या गायीचं काहीतरी रंगवून सांगत होत्या. हा ताटातून मान वर न करता म्हणाला, "आई, नीट बोल ना." गाय तिथेच राहिली. मग मला सूप वाढताना आजी जे जपून जपून रशियन बोलल्या, ते ऐकवेना.

माझी आई कुडाळची. पुण्यात आत्या तिला म्हणायची, "वहिनी, मुलांसमोर तरी शुद्ध बोला." आई "बरां" म्हणायची आणि मावशीचा फोन आला की दार लोटून घ्यायची. त्यामुळे मला मालवणी समजतं, बोलता येत नाही. आत्या, तू हे वाचशीलच. तुझं शुद्ध तुझ्यापाशी ठेव.

तर, भाषा वेगळी आहे. शब्द रशियनपेक्षा युक्रेनियनला जवळचे. लिपीत एक खास अक्षर आहे, 'उ'च्या चिन्हावर आपल्या 'ॲ'सारखा चंद्र. उच्चार साधारण 'व'. पोलोत्स्कमध्ये 2003 पासून त्या अक्षराचं स्मारक आहे. स्मारक आहे, बोलणारे कमी. 1995 च्या सार्वमतात रशियनला बरोबरीचा दर्जा मिळाला. 2009 च्या जनगणनेत 53 टक्के लोकांनी बेलारूसी मातृभाषा सांगितली, घरात बोलणारे 23 टक्के.

तुम्ही रशियनच शिका. वॉर्डात पेशंट त्याच भाषेत कुठे दुखतं ते सांगणार. 'द्झ्याकुय' म्हणजे धन्यवाद, तेवढं येऊ द्या.

आणि हो, आजींना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही नक्की कुठली भाषा बोलता? बेलारूसी म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "पा-प्रोस्तामू." साधंच आपलं.