शंका-समाधान : मागची बाजू धूसर करताना

या वेळचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत : फोटो काढताना न मिळालेला मागचा धूसरपणा नंतर सॉफ्टवेअरमध्ये कसा आणायचा.

प्रश्न : लाल नऊवारीतल्या मुलीचा फोटो आहे. फोटोशॉपमध्ये तिला सिलेक्ट केलं, सिलेक्शन उलटं केलं आणि मागच्या भागाला 'गॉशियन ब्लर' दिला. सिलेक्शन नेमकं आहे, तरी साडीभोवती लालसर धुकं पसरलंय. चूक कुठे झाली?
— वाचक, सांगली

उत्तर : सिलेक्शन बरोबर आहे, क्रम चुकला. ब्लर म्हणजे प्रत्येक पिक्सेलची शेजारपाजारच्या पिक्सेलशी काढलेली सरासरी. बदल कुठे उमटवायचा एवढंच सिलेक्शन ठरवतं. सरासरीसाठी रंग उचलताना फिल्टर त्या रेषेपलीकडेही हात घालतो. कडेलगतच्या पिक्सेलनी साडीचा लाल उचलला, तेच हे धुकं. म्हणून ब्लरआधी मागच्या थरातून मुलगीच काढून टाकायची.

लेयरच्या (फोटोच्या थराच्या) दोन प्रती करा. खालच्या प्रतीवर सिलेक्शन ८ ते १० पिक्सेलने फुगवा ('सिलेक्ट' मेनूत 'मॉडिफाय', त्यात 'एक्स्पांड', हा आकडा २४ मेगापिक्सेलच्या फोटोसाठी) आणि 'कंटेंट-अवेअर फिल' करा. गिंप (फोटो सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर हेच काम क्लोन टूलने होतं. भरलेला भाग ओबडधोबड दिसला तरी हरकत नाही, तो धूसरच व्हायचा आहे. मात्र भरणीत साडीचा किंवा हाताचा तुकडा पुन्हा उगवलेला नाही ना, ते पाहा. कधी कधी उगवतो. आता या थराला ब्लर द्या. वरच्या प्रतीला मूळ सिलेक्शनचा लेयर मास्क (थराचा कोणता भाग दिसावा, कोणता झाकावा हे ठरवणारा पडदा) लावा, मास्कची कड १ पिक्सेल आत घ्या आणि अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्या, म्हणजे कड तेवढी मऊ करा. ब्लेडने कापल्यासारखी कड लेन्स कधीच देत नाही.

केसांसाठी 'सिलेक्ट अँड मास्क'मधला 'रिफाइन एज' ब्रश फिरवा. एकेकटे उडणारे केस वाचवत बसू नका. जुन्या पार्श्वभूमीचा रंग घेऊन आलेले अर्धवट केस नसलेल्या केसांपेक्षा वाईट दिसतात. कमरेवर हात असेल तर कोपराच्या आतला त्रिकोण, झुमक्यातली पोकळी, सैल बांगडीतली फट या जागा मास्कमधून वगळायला विसरू नका. फोटो बनावट असल्याचं बहुतेक वेळा तिथेच कळतं.

प्रश्न : ब्लरची त्रिज्या किती ठेवावी? दर वेळी अंदाजाने स्लायडर ओढतो आणि हमखास जास्त होतं.
— वाचक, नागपूर

उत्तर : यासाठी एक साधा हिशेब आहे. खूप दूरच्या दिव्याची धूसर चकती, फोकसमधल्या माणसाच्या मापाने मोजली, तर लेन्सच्या छिद्राच्या व्यासाएवढी असते. छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) भागिले एफ-क्रमांक (छिद्र किती उघडं आहे ते सांगणारा आकडा). ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर असेल तर ५० ÷ १.८ = सुमारे २८ मिमी. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं. म्हणजे चेहऱ्याशेजारी ते नाणं धरलं तर जेवढं दिसेल, तेवढी सर्वांत मोठी चकती.

समजा फोटोत चेहरा ७०० पिक्सेल रुंद आहे. चेहऱ्याची रुंदी १४ सेमी धरली तर १ सेमीला ५० पिक्सेल. २८ मिमीची चकती १४० पिक्सेल व्यासाची, म्हणून त्रिज्या ७०. ही क्षितिजाकडच्या वस्तूंसाठी. भिंत माणसाच्या दुप्पट अंतरावर असेल, म्हणजे माणूस कॅमेऱ्यापासून २ मीटर आणि भिंत ४ मीटर, तर निम्मी : ३५. भिंत १० मीटरवर असेल तर पूर्ण धूसरपणाच्या ८० टक्के, म्हणजे ५६. पाठीमागे दीड हातावर भिंत असताना त्रिज्या ७० दिली की डोळ्याला खटकतं, ते यामुळे. फिल्टरच्या स्लायडरवरचा आकडा आणि प्रत्यक्ष चकती तंतोतंत जुळेलच असं नाही. एखादा दिवा धूसर करून चकती मोजा आणि आकडा पुढेमागे करा.

फोनला हा धूसरपणा मुळात का साधत नाही, तेही याच हिशेबात आहे. फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ६ मिमी धरली तर एफ १.८ ला छिद्र ३.३ मिमी होतं. नाण्याच्या जागी ज्वारीचा दाणा.

प्रश्न : दिवाळीत काढलेल्या फोटोत मागे दिव्यांच्या माळा आहेत. ब्लर दिल्यावर त्यांचे चमकदार गोल व्हायला हवेत, पण नुसता राखाडी गिलावा होतो.
— वाचक, पुणे

उत्तर : यात दोन कारणं गुंतलेली आहेत. पहिलं, गॉशियन ब्लर. तो मधे दाट आणि कडेला विरत जाणारा डाग काढतो. लेन्समधून मिळते ती एकसारखी भरलेली, स्पष्ट कडेची चकती. त्यासाठी 'लेन्स ब्लर' हवा, फोटोशॉपमध्ये किंवा गिंपच्या २.१० मालिकेतल्या नंतरच्या आवृत्त्यांत.

दुसरं कारण प्रकाशाचं. दिवा भिंतीच्या शेकडो पट तेजस्वी असला तरी ८ बिटच्या फाइलमध्ये (साध्या जेपेगसारख्या, जिथे उजेड ० ते २५५ मध्येच मोजला जातो) त्याला २५५ च्या वर जागा नाही. २० पिक्सेल व्यासाच्या दिव्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ पिक्सेल. ७० त्रिज्येच्या चकतीचं सुमारे १५,४००. तेवढाच प्रकाश ४९ पट जागेत पसरल्यावर चमक उरणार कुठून?

फोटोशॉपच्या 'लेन्स ब्लर'मध्ये 'स्पेक्युलर हायलाइट्स' आहे, ते याचसाठी. 'थ्रेशोल्ड' २४५ च्या आसपास ठेवा, 'ब्राइटनेस' शून्यापासून हळूहळू वाढवा. १० ते ३० मध्ये काम होतं. पांढरा सदरा किंवा चुन्याची भिंतही थ्रेशोल्डच्या वर गेली तर तिथेही पांढरे फुगे येतात. तेवढा भाग आधी थोडा गडद करून घ्या.

गिंपमध्ये जास्त खात्रीचा मार्ग आहे. 'इमेज' मेनूतल्या 'प्रिसिजन'मधून ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट, लिनिअर लाइट निवडा. फक्त दिवे सिलेक्ट करून 'एक्स्पोजर' ५ स्टॉपने, म्हणजे ३२ पट वाढवा, आणि मग ब्लर द्या. फ्लोटिंग पॉइंटमध्ये वरची मर्यादा नसल्याने वाढवलेला प्रकाश टिकतो.

रंगीत माळेत आणखी एक गोम आहे. अति उजेडामुळे दिव्याचा मधला भाग फाइलमध्ये पांढरा झालेला असतो, रंग फक्त कडेला उरतो. तसाच ब्लर दिला तर सगळे गोल फिकट येतात. कडेचा रंग उचलून मधला पांढरा भाग आधी रंगवा.

प्रश्न : अंगणात उभ्या माणसाचा पूर्ण उंचीचा फोटो आहे. मास्क चांगला जमलाय, पण माणूस पुठ्ठ्याचा कापून उभा केल्यासारखा दिसतो.
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : पायांखालची जमीन धूसर झाली आहे. पाय ज्या रेषेवर टेकलेत तिथली माती पायांइतकीच स्पष्ट हवी. 'लेन्स ब्लर'ला अंतर सांगावं लागतं आणि ते अल्फा चॅनलमधून (फोटोसोबत ठेवलेल्या राखाडी छटांच्या जास्तीच्या चित्रातून) सांगता येतं : काळं म्हणजे जवळ, पांढरं म्हणजे दूर. (उलटं झालं तर 'इन्व्हर्ट'वर टिचकी मारा.)

नवा अल्फा चॅनल घ्या. 'रिफ्लेक्टेड' ग्रेडियंट (सुरुवातीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखाच बदलत जाणारा छटांचा उतार) पायांच्या रेषेपासून क्षितिजापर्यंत ओढा, पायांशी काळा, क्षितिजाशी पांढरा. क्षितिज म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीची पातळी. ते भिंतीआड असलं तरी अंदाजाने तिथपर्यंत न्या. ग्रेडियंट वाकवायची गरज नाही. सपाट जमीन आणि सरळ धरलेला कॅमेरा असेल तर फोटोतल्या उंचीप्रमाणे धूसरपणा समप्रमाणातच वाढतो, आणि पायांच्या पुढच्या जमिनीवरही त्याच वेगाने. म्हणून 'रिफ्लेक्टेड'. 'ब्लर फोकल डिस्टन्स' ० ठेवा.

आता उभ्या वस्तू. तुळशीवृंदावन जिथे जमिनीला टेकलंय तिथला राखाडी रंग उचला आणि त्याच रंगाने चॅनलमध्ये पूर्ण वृंदावन भरा. माड, खांब, भिंत, सगळ्यांना हाच नियम. हे राहिलं तर माडाचा बुंधा स्पष्ट आणि शेंडा धूसर येतो. असे फोटो आम्हाला सर्रास येतात.

आणि माणूस काढून भरणी करताना पायांजवळची सावली पुसू नका. ती जमिनीचा भाग आहे, मागच्या थरातच राहू द्या.

प्रश्न : ब्लरनंतर आकाशात पट्टे दिसतात.
— वाचक, नाशिक

उत्तर : ब्लरआधी 'इमेज'मधल्या 'मोड'मधून १६ बिट करा. नंतर धूसर भागावर एकरंगी नॉइज (बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा) १ ते २ टक्के द्या. पट्टे मोडतात, आणि ब्लरमध्ये गेलेला फोटोचा खरखरीत दाणा परत आल्यामुळे पुढचा माणूस आणि मागचं दृश्य एकाच कॅमेऱ्यातलं वाटतं.

प्रश्न : फोनच्या पोर्ट्रेट मोडने चष्म्याची एक काडीच धूसर केली आहे. दुरुस्त होईल का?
— वाचक, मडगाव

उत्तर : मूळ फाइल फोनमध्ये असेल तर बहुधा होईल. बऱ्याच फोनमध्ये मूळ फोटो आणि अंतराचा नकाशा सोबत साठवलेला असतो, त्यामुळे गॅलरीत 'एडिट' करून धूसरपणा काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीत तो नकाशा उरत नाही. धूसरपणा काढलेली प्रत लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. तिथे २०२३ पासून 'लेन्स ब्लर' आहे, तो अंतराचा अंदाज स्वतः बांधतो. 'व्हिज्युअलाइझ डेप्थ' चालू केल्यावर काडी मागच्या भागाच्या रंगात दिसली, तर ब्रश 'फोकस'वर ठेवून तिच्यावरून बारीक टोकाने फिरवा.