‘लॅक्मे’ हे नाव आलं कुठून?

प्रश्न : सौंदर्यप्रसाधनांच्या ‘लॅक्मे’ या नावामागे एक फ्रेंच ऑपेरा आहे, असं ऐकलं. तो कोणाचा? ऐकायची सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बरोबर ऐकलंत. टाटांनी १९५२ साली सुरू केलेल्या कंपनीला फ्रेंच संगीतकार लिओ देलिब यांच्या ‘लाक्मे’ या ऑपेराचं नाव मिळालं. लाक्मे म्हणजे आपली लक्ष्मीच. नीलकंठ नावाच्या पुजाऱ्याची ही मुलगी जेराल्ड या इंग्रज अधिकाऱ्यावर जीव लावते आणि शेवटी धोतरा खाऊन मरते.

देलिब १८३६चे. वडील टपाल खात्यात, आईचे वडील ऑपेरा गायक. १८४९ साली संगीतकार मायरबेअर यांच्या ‘ल प्रोफेत’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात लहानगा लिओ मुलांच्या कोरसमध्ये, म्हणजे समूहगानात, उभा होता. पुढे चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, नाट्यगृहात तालमींना पियानोची साथ केली, पॅरिस ऑपेरात कोरस बसवला. मोठं नाव झालं ते १८७०च्या ‘कोपेलिया’ बॅलेमुळे. ही इतक्या वर्षांची उमेदवारी मला फार मोलाची वाटते. गाणाऱ्याचा दम कुठे संपतो, हे त्यांना तालमीतच उमगलं असणार.

‘लाक्मे’ १४ एप्रिल १८८३ रोजी पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहात रंगमंचावर आला. लाक्मे आणि मल्लिका फुलं वेचायला जाताना गातात ते द्वंद्वगीत विमान कंपनीच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोचलं. गोड आहेच, पण मी माझ्या विद्यार्थिनींना आधी दुसऱ्या अंकातलं घंटांचं गाणं ऐकवते. देवस्थानात घुसलेला परका कोण, हे हुडकायला बाप लेकीला भर बाजारात गायला लावतो. सुरुवातीला शब्द नाहीत, साथ नाही, आपल्या आलापासारखा नुसता मोकळा आकार. मग गोष्ट : रानात घंटा वाजवून एक मुलगी वाटसरूला वाचवते आणि तो निघतो विष्णू. त्या घंटा गळ्यातून काढायच्या, एकेक स्वर सुटा, तार सप्तकात. बाप पुन्हा गायला लावतो. गर्दीत जेराल्ड दिसतो, तिचा सूर अडखळतो आणि बापाला हवा तो माणूस सापडतो. इतकं अवघड गाणं कथेच्या ऐन वळणावर बसवायला नाटक अंगात मुरलेलं लागतं.

फ्रेंच गायिका नाताली देसे यांचं ध्वनिमुद्रण मिळवा. सुटं गाणं न लावता बाजाराचा अख्खा प्रसंग सलग ऐका. द्वंद्वगीत मग ऐकलंत तरी चालेल.